पार्लरला जावं की घरीच करावं? गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

मी गोव्यात राहायला आले त्या वर्षीची गोष्ट. चवथ, म्हणजे इथली गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती. म्हापशाचा बाजार गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीच्या सामानाने भरलेला, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही आणि ओळखीचं पार्लर एकही नाही. म्हटलं, भुवयाच तर आहेत, घरी करू. खिडकीत आरसा टेकवला आणि चिमटा घेतला. डावी जरा बारीक झाली म्हणून उजवीचे चार केस काढले. मग उजवी बारीक दिसायला लागली. दोन मांजरं, लोणी आणि तराजूवालं माकड ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकली होती, पण इथे मांजरंही मीच आणि माकडही मीच. सासूबाई आत आल्या, बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "पेन्सिल आसा मगो तुजेकडेन?" त्या वर्षीच्या आरतीच्या सगळ्या फोटोंत मी नुकतीच दचकल्यासारखी दिसते.

तेव्हापासून कोणतंही काम घरी करायचं की पार्लरमध्ये, हे ठरवताना मी आधी पैशांकडे बघत नाही. आधी स्वतःला विचारते, चुकलं तर ही चूक किती दिवस मिरवावी लागेल? नेलपॉलिश चुकलं तर कापसाचा बोळा आणि रिमूव्हर, पाच मिनिटांत विषय संपतो. भुवई चुकली तर दीड-दोन महिने गेले. केस चुकीचे कापले तर ते महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, त्यावरून हिशोब करा. रंग चुकला तर रंगवलेला भाग कापून जाईपर्यंत तो सोबत राहतो. भाजल्याचा डाग तर कायमचाही राहू शकतो. ज्याची चूक उद्या धुऊन जाते ते घरी करून बघायचं. ज्याची चूक महिनोन्महिने राहते ते जाणत्या हाताकडे द्यायचं. आणि काही गोष्टी घरच्याही नाहीत आणि पार्लरच्याही नाहीत, त्या डॉक्टरच्या. त्या शेवटी सांगते.

पहिली पायरी: आल्याआल्या काहीच करू नका

कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कुठूनही आलात तरी इथली हवा वेगळी. दमट. पहिल्या महिन्यात चेहरा तेलकट होतो, कपाळावर बारीक पुळ्या येतात, केस फुगतात, आणि मुली घाबरून एकदम फेशियल, हेअरस्पा, स्मूदनिंग असं सगळं बुक करून बसतात. थांबा. केस सरळ करण्याच्या मशीनने सरळ केलेले केस इथे पणजीच्या फेरीबोटीत पाय ठेवेपर्यंत पुन्हा वळतात. कारण साधं आहे. त्या उष्णतेने केसातले जे बंध बदलतात ते पाणी लागलं की मूळ जागी परततात आणि इथल्या हवेतच पाणी आहे. यात दोष तुमच्या केसांचा नाही, शाम्पूचाही नाही.

महिनाभर फक्त बघा. न्हाण्याचं पाणी नळाचं की विहिरीचं? आपली जमीन जांभ्या दगडाची, त्यात लोह भरपूर, आणि काही विहिरींचं पाणी बादलीत लालसर साका धरतं. अशा पाण्याने केस राठ वाटू शकतात. मग शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेऊन बघा, हजार रुपयांच्या हेअरस्पाआधी एवढं तरी करून बघण्यासारखं आहे. गावी आठवड्यातून एकदा न्हायची सवय असेल तर इथे ती पुरत नाही. घाम येतो, स्कुटीवर हेल्मेट असतं. दिवसाआड केस धुतले की ते गळतात, हा गैरसमज आजीकडेच ठेवून या.

दुसरी पायरी: घरी काय करायचं

सगळ्यात आधी ऊन. गोवा साधारण 15 अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली गोळा होते. त्यात वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा पणजीच्या ऑफिसात स्कुटीने जाणारी मुलगी. महिन्याभरात हाताचा मनगटापर्यंतचा भाग एका रंगाचा, वरचा दुसऱ्या रंगाचा, आणि पायावर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी. मग पार्लरमध्ये "डीटॅन करूया?" हा प्रश्न येतो. माझं मत विचाराल तर डीटॅनवर महिन्याला पैसे घालवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं. तोच खर्च सनस्क्रीनवर करा. एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त, आणि प्रमाण महत्त्वाचं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. हातांना क्रीम लावत बसायचा कंटाळा येत असेल तर पूर्ण बाह्यांचं सुती जॅकेट घाला, ते क्रीमपेक्षा भरवशाचं. गालावर वांग असेल तर रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या, वांगाला नुसती अतिनील किरणंच नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो.

लिंबू चेहऱ्याला लावू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण घरगुती उपायांच्या प्रत्येक यादीत ते असतंच. त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळपट डाग राहतात. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत ग्लासात लिंबू पिळून दुपारभर उन्हात बसलेल्या एका पाहुण्याच्या बोटांवर मी असे डाग पाहिलेत, महिना झाला तरी होते. खायचा सोडाही नको, तो दुसऱ्या टोकाचा. बेसन, मसूर डाळीचं पीठ, दही, मुलतानी माती यांनी बहुतेकींचं काही बिघडत नाही. फक्त मुलतानी माती पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा. यातलं काहीही रंग उजळवत नाही. स्वच्छ वाटतं, थंड वाटतं, रविवारची दुपार बरी जाते. तेवढं पुरे की.

केसांना खोबरेल तेल. इथे ते घाण्याचं मिळतं, ओळखीच्या घरी सुकं खोबरं देऊन गाळून आणलेलं मिळालं तर सोडू नका. आजी सांगायची त्यातलं हे एक खरं निघालं. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं. खनिज तेलाला हे जमत नाही. पण न्हाण्याआधी तास-दोन तास पुरतात, रात्रभर डोकं थबथबलेलं ठेवून उशी खराब करायची गरज नाही. आणि कोंडा असेल तर तेल अजिबात नको. कोंड्याला कारण होणारी जी बुरशी टाळूवर असते ती तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. आपण कोंडा घालवायला तेल चोळतो आणि तिला जेवायला वाढतो. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात केटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो, फेस करून तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा, आठवड्यातून दोनदा. तरी महिन्यात फरक पडला नाही तर डॉक्टर.

परसात जास्वंद असेल तर तिच्या पानांचा चिकट रस काढून केस धुवून बघा. दहा-बारा पानं पाण्यात चुरायची, भेंडीसारखा हिरवा बुळबुळीत रस सुटतो. केस मऊ लागतात. फार तेल निघत नाही यातून, त्यामुळे तेल लावलेलं असेल तेव्हा शाम्पूच वापरा.

आता पाय. टाचांच्या भेगांसाठी दर महिन्याला पेडिक्युअर करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेलं. सुकी मासळी आणि मिरच्यांच्या मधल्या बोळात एक म्हातारी बसते, पुढ्यात सोलांच्या म्हणजे आमसुलांच्या पिशव्या, आणि एका कोपऱ्यात मळकट पांढरे, मुठीने दाबलेले गोळे. ते भिरंडेल. भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. पलीकडे सिंधुदुर्गात याला मुठेल म्हणतात, मुठीत वळलेलं म्हणून. हातात घेतलं तर मेणबत्तीसारखं घट्ट, नखाने खरवडलं तर भुकटी पडते. ते साधारण 40 अंशाच्या आसपास वितळतं, त्यामुळे नुसतं भेगेवर घासून फार लागत नाही. स्टीलचा चमचा गॅसवर जरा गरम करायचा, गोळ्यावर टेकवायचा, चमच्यात थेंबभर तेल उतरतं. चटका बसणार नाही इतकं कोमट होऊ द्यायचं आणि मग पाय धुऊन, पुसून, भेगेत भरायचं. तिथे ते पुन्हा घट्ट होतं आणि भेग बुजवून बसतं. वर सुती मोजा. आठ रात्री करा. मैत्रीण आता तो गोळा सासरी कारवारला पाठवते.

पावसात मात्र गोष्ट उलटी. जूनपासून चपला ओल्या, मोजे ओले, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. तिथे तेल नको आणि पेडिक्युअरही नको. पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, घरी आल्यावर पाय उघडे ठेवा. खाज, पांढरी सोललेली कातडी, वास येत असेल तर औषध लागेल.

वॅक्सिंग हे मधलं काम. हातापायांचं घरी जमतं, बाकी जागांचं नाही. पार्लरचं डबाबंद वॅक्स आणण्यापेक्षा साखरेचं करून बघा: दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आच. मधाचा रंग आला की थेंब गार पाण्यात टाकायचा. लाडवाला करतो तसा गोळीबंद पाक झाला की उतरवायचं. (लिंबू इथे चालतं, ते पाकाची साखर होऊ देत नाही, आणि शेवटी धुऊन जातं.) पण लक्षात ठेवा, पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. पूर्ण कोमट होऊ द्या, आधी मनगटाच्या आत लावून बघा. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले हवेत. केसांच्या दिशेने पातळ लावायचं, सुती पट्टी दाबायची, उलट्या दिशेने त्वचेला लागून ओढायची, वर आभाळाकडे नाही. जुलैत हे करायला जाल तर पाक हवेतलं पाणी पिऊन चिकट होतो आणि सगळा वाडा हसतो. तेव्हा पंख्याखाली, आधी टाल्कम पावडर लावून. वॅक्सनंतर दिवसभर समुद्र नाही, पोहणं नाही, ऊन नाही. मुरुमांसाठी अ‍ॅडापलीन किंवा रेटिनॉइडची क्रीम लावत असाल तर त्या जागी वॅक्स करूच नका, कातडी निघून येते. मधुमेह असेल किंवा पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर आधी डॉक्टरला विचारा.

तिसरी पायरी: पार्लर पारखायचं

माझ्या मते नवीन पार्लरला थेट केस रंगवायला जाणं म्हणजे पहिल्याच भेटीत लग्न ठरवणं. इथेही तोच प्रश्न लावा. पहिल्या भेटीत ज्याची चूक लवकर पुसली जाते ते काम द्या, हाताचं वॅक्स किंवा नुसती डोक्याची मालिश. हात, स्वच्छता, बोलणं, तीन गोष्टी कळतात. दुसऱ्या खेपेला केसांची टोकं कापून घ्या, "फक्त एक इंच" म्हणून सांगा आणि बघा तिचा इंच किती मोठा आहे. मग भुवया. रंग, स्मूदनिंग हे सगळं चौथ्या-पाचव्या खेपेनंतर.

आत गेल्यावर नजर फिरवा. बघायचं ते हे: वॅक्सच्या डब्यात एकच पट्टी पुन्हा पुन्हा बुडवतात की प्रत्येक वेळी नवी लाकडी पट्टी, टॉवेल कुणाचा, आणि कंगवे-कात्र्या नुसत्या निळ्या उजेडाच्या पेटीत ठेवतात की आधी धुऊन जंतुनाशकात बुडवतात. त्या पेटीतला उजेड जिथे पडतो तेवढंच काम करतो, केसांचा गुंता अडकलेल्या कंगव्याला तो काही करत नाही. घरच्या पुरुषांनाही सांगा, सलूनमध्ये पातं पाकिटातून समोर काढलेलं हवं. रक्तातून पसरणारी काविळ वापरलेल्या पात्याने येऊ शकते.

पेडिक्युअरचा टब बघायलाच हवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2000 साली एकाच सलूनमधल्या पाण्याच्या फवाऱ्याच्या टबांमुळे शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर फोड आले, महिनोन्महिने टिकणारे. टबच्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता आणि त्यात जंतू वाढले होते. तपासात असंही दिसलं की जाण्याआधी ज्यांनी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. म्हणून साधी प्लॅस्टिकची बादली, घासून धुतलेली, ही मला फवाऱ्याच्या खुर्चीपेक्षा आवडते. आणि पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी पाय रेझर करू नका.

माझी भुवयावाली वाड्याच्या टोकाला राहते. पार्लर म्हणजे घराच्या बलकावाचा, म्हणजे पुढच्या पडवीचा, एक भाग, पत्र्याची शेड, एक खुर्ची, आरशाला अबोलीची माळ. ती रिळावरून नवा दोरा काढते, हातभर. पूर्वी टोक दातात धरायची, करोनानंतर गळ्यात फास करून अडकवते. तुम्हीही तसं सांगू शकता, वाईट वाटून घेत नाहीत. कपाळाला पावडर लावते, मग म्हणते, "बाये, एक हात वयर, एक हात सकयल," म्हणजे आपणच आपली कातडी ताणून धरायची. दोऱ्याचा फुलीसारखा पीळ अंगठ्याने उघडतो, मिटतो, कर्र असा आवाज येतो आणि डोळ्यातून पाणी. तीन मिनिटांत दोन्ही. मधे दोनदा मागे सरून ती लांबून बघते. घरच्या आरशात जे जमत नाही ते हे लांबून बघणं. पहिल्यांदा जाताना तिला एवढंच सांगा: खालचे विस्कटलेले काढा, वरच्या रेषेला हात लावू नका, बारीक करू नका. पन्नास-साठ रुपयांत ती हे करते. किनाऱ्याकडच्या एका चकचकीत सलूनमध्ये त्याच कामाचे मी तिप्पट दिलेत आणि तिथे कॉफी चांगली होती.

पैशांचं आधी विचारा. केसांचा दर लांबीवर असतो आणि खांद्यापर्यंतचे केस एकीकडे मध्यम, दुसरीकडे लांब. बिल घेतलंत तर कर बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. आणि ज्या छोट्या पार्लरची नोंदणीच नाही त्यांना तो लावताच येत नाही. बाहेर पडताना "कितले जाले?" एवढं कोंकणीत विचारलंत तरी चेहरे मऊ होतात, दर कमी होईलच असं नाही.

चौथी पायरी: वेळ धरायची

दुपारी एक ते साडेतीन-चार छोटी पार्लरं बंद. हे नव्या मुलींना कुणी सांगत नाही आणि त्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन कुलूप बघून येतात. रविवारचंही विचारून घ्या. शुक्रवारी म्हापशात गाडी लावायला जागा मिळणार नाही. चवथीच्या आधीचा आठवडा आणि दिवाळी गर्दीची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे लग्नांचे दिवस, बाहेरगावची लग्नंसुद्धा इथे येऊन होतात, मेकअपवाल्या महिनेमहिने आधी ठरलेल्या असतात. घरात लग्न असेल तर आधी हॉल, मग लगेच ती.

आणि पावसाळ्यात केसांचं मोठं काम धरू नका. धरलंत तर इन्व्हर्टर आहे का विचारा. माझ्या डोक्यावर अर्धं स्मूदनिंग झालेलं असताना जुलैत वीज गेली, दोन तास आली नाही. औषध किती वेळ ठेवायचं ते ठरलेलं असतं. त्यांनी घाबरून थंड पाण्याने धुतलं. डावी बाजू सरळ, उजवी आपली होती तशी. पैसे परत मिळाले, केस नाहीत.

रंग आणि स्मूदनिंगविषयी थोडं जास्त

पांढरे केस झाकायला घरी पाकीट आणणं वाईट नाही, मीही मुळांपुरता रंग घरीच लावते. पण काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी येते, पापण्या सुजून डोळे बंद होण्यापर्यंत. दहा वर्षं लावून काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असंही नाही. म्हणून थेंबभर कानामागे लावून 48 तास थांबायचं, पाकिटावर लिहिलेलं असतं ते उगाच नव्हे. जत्रेत मिळणारी "काळी मेंदी" म्हणजे पुष्कळदा हेच. खरी मेंदी नारिंगी-लाल रंगते, पंधरा मिनिटांत काळी होत नाही.

फिकट रंग, हायलाइट, जुना रंग काढणं, हे घरी नाहीच. चेहऱ्याचं ब्लीचही नको, पार्लरमध्येही नको असं माझं मत. चेहऱ्यावरच्या लवेने कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही, ब्लीचने बिघडलेलं पाहिलंय.

केराटिन आणि स्मूदनिंगच्या काही औषधांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आणि एसी खोलीत दारं लावून हे करतात. मग "फॉर्मल्डिहाइड नाही" म्हणून ग्लायऑक्झिलिक आम्लाची औषधं आली. 2024 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिकत छापून आली, जिच्या मूत्रपिंडाला तीन वेगवेगळ्या वर्षी केस सरळ करून आल्यावर लगेच इजा झाली होती. वापरलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होतं. मी कुणाला नको म्हणत नाही, पण बाटली हातात घेऊन मागची बाजू वाचा. डोक्याला जखम असेल, खाज असेल, गरोदर असाल तर नाहीच. आणि आपल्या हवेत सहा महिन्यांत मुळाकडून पुन्हा कुरळे येतात, तेव्हा दरवर्षीचा खर्च धरा. मी तो प्रसंग झाल्यापासून वेणी घालते.

जे दोन्हीकडचं नाही

दुखणारे, पूवाले मुरूम. गोलाकार, कडा लाल असलेले खाजरे चट्टे, म्हणजे गजकर्ण. अचानक मूठमूठ गळणारे केस. हनुवटीवर अचानक वाढलेले जाड केस आणि सोबत अनियमित पाळी. यातल्या कशावरही फेशियल नको, मुरुमांवर मालिश तर मुळीच नको. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोगाचा विभाग आहे, तिथे जा.

विशेषतः, कुणीतरी दिलेली "एका आठवड्यात गोरं करणारी" ट्यूब. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा चकचकीत, मग बंद केलं की लाल, पुळ्या, लव. 2018 साली सरकारने अशी 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी ती ट्यूब हातोहात फिरतेच. दुसरी भीती पाऱ्याची. 2023 मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण सापडले. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, परवान्याचा किंवा आयात नोंदणीचा क्रमांक नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका, आणि पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून काही लावायला आले तर सरळ नाव विचारा.

आणि तरी चूक झालीच तर

वॅक्सने भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, खोबरेलही नको. फोड फोडू नका. चेहऱ्यावर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

रंग फार काळा झाला तर लगेच दुसरा रंग चढवायला जाऊ नका. आठवडाभर साध्या शाम्पूने रोज धुवा, थोडा उतरतो. मग ज्याने लावला त्याच्याकडे नाही, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे जा.

भुवई गेली तर चिमटा कपाटात ठेवून कपाट लावून टाका. उगवताना मधेच विस्कटलेली दिसते आणि पुन्हा हात शिवशिवतात, तेव्हाच खरी कसोटी. तोवर पेन्सिल, पण काळी नको, गडद तपकिरी. टोक अणकुचीदार करून एकेक केसाएवढ्या बारीक रेघा ओढायच्या, नाकाकडच्या बाजूला फिकट, कानाकडे जरा गडद, आणि शेवटी जुन्या स्वच्छ टूथब्रशने वरच्या दिशेने हलकेच पुसायचं. घामाने उतरते, म्हणून वर पावडरचा एक हात. गर्दीच्या आरतीत मी दर तासाला आत जाऊन हे करत होते.